खुलासा: गाडीचं गोठलेलं दार आणि उकळतं पाणी

‘गाडीचं दार बर्फाने गोठलं तर किटलीभर उकळतं पाणी ओता, लगेच उघडतं’ असा सल्ला सध्या फिरतोय. उघडतं, हे खरं. पण अर्धंच. तेच पाणी रबराच्या खाचांत आणि लॉकच्या आत झिरपतं, आणि तापमान ० अंशाखाली असेल तर थोड्या वेळाने पुन्हा गोठतं, बहुधा आधीपेक्षा घट्ट. शिवाय थंडगार काचेला अचानक उष्णता लागली की ती तडकू शकते.

दार चिकटतं ते रबरावर राहिलेल्या ओलाव्यामुळे. म्हणून गाडी धुतल्यावर दाराच्या कडा आणि रबर कोरडं पुसून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवावा. व्हॅसलीन किंवा इंजिन ऑइल मात्र नको. दारांना बहुतेक ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर असतं आणि पेट्रोलियम पदार्थांनी ते फुगून सैल पडतं. (ते लावण्याचा सल्लाही त्याच फिरत्या मेसेजच्या शेपटाला जोडलेला आहे!) दाराच्या खटक्याला पांढरं लिथियम ग्रीस चालतं.

तरीही दार अडकलंच तर हँडल हिसडू नका, तुटेल. आधी दार बाहेरून आत दाबा, म्हणजे कडेचा बर्फ तडकतो. नाहीतर दुसऱ्या दाराने आत शिरून हीटर लावा.