तक्रार केलीत? आता पीआयपी घ्या

पुण्यातल्या काही कंपन्यांच्या आयसीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या अंतर्गत समितीवर, मी बाहेरची सदस्य म्हणून बसते. लैंगिक छळाची तक्रार आली की समिती बसते, जबाब होतात, 90 दिवसांत चौकशी संपवायची असते. इथवर बहुतेक ठिकाणी सगळं रीतसर चालतं. खरा प्रकार त्यानंतर सुरू होतो. कुणी आवाज चढवत नाही, धमकी देत नाही. फक्त मीटिंगच्या इन्व्हाइटमधून तक्रारदार बाईचं नाव गळतं, क्लायंट कॉल दुसऱ्याकडे जातो आणि मार्चमध्ये पीआयपीची, म्हणजे 'ठरल्या मुदतीत काम सुधारा' अशा तंबीची, मेल येते. अशा एका मेलमध्ये कारण होतं, 'टीमशी जुळवून घेण्यात कमी पडते.' त्याच मॅनेजरनं त्याच बाईला आदल्या वर्षी टीम सांभाळल्याबद्दल शाबासकी दिली होती. (नावगाव सांगायला कायद्यानंच मनाई आहे, तपशीलही बदललेत. इनबॉक्समध्ये विचारू नका.)

अशा सूडासाठी 2013 च्या पॉश कायद्यात (कामाच्या जागी बायकांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा) वेगळं कलम नाही, ही माझी जुनीच कुरकुर. पण म्हणून हात टेकायचं कारण नाही. कलम 3 (2) वाचा. नोकरीवर गदा आणायची धमकी, कामात अडथळे, दहशतीचं वातावरण, अपमानास्पद वागणूक हे सगळं मूळ छळाशी जोडलेलं असेल, तर तेही लैंगिक छळात मोडू शकतं. म्हणजे नवी तक्रार करता येते, तीन महिन्यांच्या आत. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. मालकाविरुद्धच तक्रार असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

चौकशी चालू असताना कलम 12 खाली बदली मागता येते, तुमची किंवा ज्याच्यावर आरोप आहे त्याची. तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मिळू शकते. तुमचं अप्रेझलही त्याच्या हातून काढून घेता येतं. मात्र मागणी लेखी हवी. तोंडी सांगितलं की एचआर 'बघतो' म्हणतं आणि विषय तिथंच संपतो. शिवाय हे सगळं चौकशी संपेपर्यंतच. अहवाल गेला की छत्री मिटली! सूड उगवणारा नेमका तोवर दम धरतो, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात कसं आलं नाही कोण जाणे.

कोर्ट मात्र हा डाव ओळखतं. पंजाब अँड सिंध बँकेच्या इंदूर शाखेतल्या एका वरिष्ठ अधिकारीबाईंनी दारू ठेकेदारांच्या खात्यांतल्या गडबडीबद्दल वर कळवलं होतं. झोनल मॅनेजरवर त्यांचा छळाचाही आरोप होता. त्यांना पाठवलं जबलपूर जिल्ह्यातल्या सरसावा शाखेत, जिथली खुर्ची स्केल वनच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्याची, आणि बाई बऱ्याच वरच्या स्केल फोरच्या. हायकोर्टानं बदली रद्द केली, 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि त्यांना परत इंदूरला नेमायला लावलं. त्या प्रकरणात आयसीतली बाहेरची सदस्य बँकेच्याच पॅनेलवरची वकील निघाली होती. माझ्यासारख्यांनी हा निकाल दोनदा वाचावा.

दुसरं प्रकरण मध्य प्रदेशातल्या एका अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश बाईंचं. आरोप हायकोर्टाच्या न्यायमूर्तींवर. मुलीची बारावी चालू असताना यांची बदली सीधीला, मग 2014 मध्ये राजीनामा. चौकशीत छळ सिद्ध झाला नाही. तरीही 2022 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा राजीनामा स्वेच्छेचा नव्हता, यांना परत घ्या. मधल्या काळाचा पगार मात्र मिळाला नाही.

म्हणून माझं एकच सांगणं असतं, रागाच्या भरात राजीनामा टाकू नका. तुम्ही आपणहून गेलात की कंपनीचा सुंठीवाचून खोकला गेला. जुनी अप्रेझल्स, वगळलेल्या मीटिंगा, बदलीची ऑर्डर, सगळं तारीखवार जपा. तक्रारीची तारीख आणि पहिल्या वाईट शेऱ्याची तारीख शेजारी ठेवली की निम्मं काम होतं. समितीची शिफारस पटली नाही किंवा कंपनीनं ती अमलातच आणली नाही, तर 90 दिवसांत अपील आहे. कामावरून काढलं आणि तुम्ही 'कामगार' व्याख्येत बसत असाल तर कामगार न्यायालय, राज्य सरकारी नोकरीत असाल तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. खासगीतल्या मॅनेजर मंडळींची वाट सगळ्यात बिकट. ईएमआय डोक्यावर असताना आठ वर्षं लढा, असं कुठल्या तोंडानं सांगू? तडजोड करून बाहेर पडणारीला मी तरी पळपुटी म्हणणार नाही. फक्त सही करण्याआधी कागद स्वतःच्या वकिलाला दाखवा, कंपनीच्या नव्हे.

मी बसते त्या समित्यांपुढे मी एक मागणी ठेवली आहे. अहवालानंतर वर्षभर तक्रारदार बाईचं अप्रेझल, बदली, पीआयपी, काहीही करायचं झालं तर आधी समितीला कारण कळवा. एका कंपनीनं हे मान्य केलं. दुसरीकडच्या एचआर मॅडम म्हणाल्या, "लीगलला विचारून सांगते हं ताई." लीगलचं उत्तर अजून यायचंय.