'रांगेतल्या एका'ला उत्तर

एल साल्वादोरचा, अमेरिकेत अटलांटाजवळ काम करणारा पत्रकार मारिओ गेव्हारा याच्या हद्दपारीवर मी लिहिलेल्या लेखाखाली 'रांगेतला एक' या नावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. सगळ्यांनी ती वाचली नसेल, म्हणून थोडक्यात सांगते. "ताई, ज्याचं तुम्ही एवढं कौतुक करताय तो माणूस कागदपत्रांशिवाय राहत होता, त्याचा अर्ज २०१२ सालीच फेटाळला गेला होता. माझी प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) २०१४ ची आहे, मी एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) कर भरत रांगेत उभा आहे. कॅमेरा हातात घेतला की कायदा लागू होत नाही का? शिवाय त्याला पोलिसांनी पकडलं, आइसनं (परदेशी लोकांना पकडून हद्दपार करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेनं) नाही, एवढंही तुम्ही तपासलं नाहीत. काही चुकलंच असेल तर कोर्टं आहेत ना तिथं? आणि पुण्यात बसून अमेरिकेवर ताशेरे ओढायला तुमचं काय जातं?"

राग बाजूला ठेवला तर प्रश्न रास्त आहेत. उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून इथं वेगळं लिहिते आहे.

आधी माझी चूक. 'निदर्शनांचं वार्तांकन करताना आइसनं त्याला उचललं' असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं आहे. १४ जून २०२५ रोजी अटलांटाजवळ डीकाल्ब काउंटीत ट्रम्पविरोधी 'नो किंग्ज' निदर्शनं चालली होती, तिथं त्याला डोराव्हिल शहराच्या पोलिसांनी अटक केली. आइसकडे तो नंतर गेला. मूळ लेखातलं वाक्य दुरुस्त केलंय, खाली तशी नोंदही टाकलीये.

पण दुरुस्ती केल्यावर गोष्ट सरकारच्या बाजूनं झुकते असं तुम्हाला वाटत असेल, तर मला नेमकं उलट दिसतं. तो त्या वेळी अंगात 'प्रेस' लिहिलेलं जाकीट घालून लाइव्ह करत होता. आरोप तीन: बेकायदा जमाव, पोलिसांच्या कामात अडथळा आणि रस्त्यावरून पायी चालणं. हो, चालणं. हे तिन्ही आरोप सरकारी वकिलांनी २५ जूनला स्वतःहून मागे घेतले. तोवर माणूस आइसच्या ताब्यात गेलेला. १ जुलैला इमिग्रेशन न्यायाधीशांनी त्याला साडेसात हजार डॉलरवर जामीन दिला, सरकारनं त्यावर अपील केलं आणि तो आतच राहिला. शंभराहून जास्त दिवस आत काढून ३ ऑक्टोबरला त्याला एल साल्वादोरला पाठवून दिलं.

त्याला सोडू नये म्हणून सरकारी वकिलांनी काय सांगितलं, तो माझ्या लेखाचा गाभा होता आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याबद्दल अक्षर नाही. तो पोलिसांच्या कारवायांचं थेट प्रक्षेपण करतो, त्यानं अधिकाऱ्यांना धोका पोचतो, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे त्याचं रोजचं काम हेच त्याला आत ठेवण्याचं कारण म्हणून मांडलं गेलं. कागद नाहीत म्हणून हद्दपारी ही एक गोष्ट झाली. तू जे दाखवतोस ते आम्हाला नको आहे म्हणून तू आत, ही वेगळी गोष्ट. एकाच फाइलमध्ये दोन्ही असल्या की पहिलीच्या आडून दुसरी खपून जाते.

आता २०१२. त्या वर्षी त्याचा आश्रयाचा अर्ज फेटाळला गेला हे खरं. त्यानं अपील केलं आणि पुढं ती फाइल प्रशासकीय पातळीवर बंद ठेवली गेली. तो लपून राहत नव्हता. कामाचा परवाना होता, स्वतःचं 'एमजी न्यूज' चालवायचा, सरकारला त्याचा पत्ता ठाऊक होता. एवढी वर्षं धूळ खात पडलेली फाइल २०२५ मध्येच का उघडली? तुम्ही म्हणाल, सरकारची मर्जी. बरोबर.

इथं मी तुम्हाला तुमचाच एक मुद्दा देते. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला तुम्ही वापरलाच नाहीत. १९९९ चा अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, लॉस एंजेलिसच्या आठ जणांच्या खटल्यातला, सात पॅलेस्टिनी आणि एक केनियाची. सरकार आमच्या राजकीय मतांमुळे आम्हालाच वेचून काढतंय, अशी त्यांची तक्रार होती. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलं की बेकायदा राहणाऱ्या परदेशी माणसाला हद्दपारीविरुद्ध 'मलाच का निवडलं' हा बचाव साधारणपणे घेता येत नाही. फारच संतापजनक प्रकरण असेल तर बघू, एवढी फट तेवढी ठेवली. तो निकाल आजही उभा आहे. म्हणजे निव्वळ कायद्याच्या तराजूत तुमचं पारडं मी समजत होते तेवढं हलकं नाही. (त्या आठ जणांचं पुढं काय झालं? १९८७ मध्ये सुरू झालेलं प्रकरण २००७ मध्ये संपलं, सरकारच्या हाती काही न लागता. वीस वर्षं!)

पण त्याच कोर्टाचा १९४५ चाही एक निकाल आहे. हॅरी ब्रिजेस हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला गोदी कामगारांचा पुढारी. त्याला देशाबाहेर काढायला सरकारनं वर्षानुवर्षं जंग जंग पछाडलं होतं. कोर्ट म्हणालं, या देशात राहणाऱ्या परदेशी माणसालाही भाषणाचं आणि छपाईचं स्वातंत्र्य आहे. आज जे खटले चाललेत ते या दोन निकालांच्या मधल्या जागेत.

'कोर्टं आहेत ना' याबद्दल. गेव्हाराला जामीन देणारे न्यायाधीश 'न्यायाधीश' म्हणवले जात असले तरी फेडरल न्यायालयातले नव्हेत. इमिग्रेशन न्यायाधीश हे न्याय खात्याचे, म्हणजे ॲटर्नी जनरलच्या हाताखालचे नोकर. त्यांच्यावरचं अपील मंडळही त्याच खात्यात. तुम्ही आयटीत असाल असा अंदाज आहे. मॅनेजरविरुद्धची तक्रार एचआरनं ऐकायची, एचआरवरचं अपील पुन्हा मॅनेजरच्या बॉसकडे, असं समजा. तरीही खालच्या न्यायाधीशानं जामीन दिला, हे त्या माणसाला शोभणारं होतं. वरच्या मंडळानं सप्टेंबरात जुनी फाइल उघडून २०१२ च्या निकालावरचं त्याचं अपील फेटाळलं, हद्दपारीचा हुकूम काढला, आणि दोन आठवड्यांत विमान सुटलं.

आता तुम्ही. तुमचे कागद चोख आहेत आणि तुमच्या प्रतिक्रियेचा सगळा भार त्यावरच आहे. रुमेसा ओझतुर्कचेही चोख होते. तुर्कस्तानची मुलगी, टफ्ट्स विद्यापीठात पीएचडी करणारी, विद्यार्थी व्हिसावर. मार्च २०२४ मध्ये तिनं आणखी तिघांबरोबर विद्यापीठाच्या 'टफ्ट्स डेली'त एक लेख लिहिला, गाझाबाबत विद्यार्थी सिनेटनं केलेल्या ठरावांकडे विद्यापीठानं कसं दुर्लक्ष केलं यावर. वर्षभरानं, २५ मार्च २०२५ ला, ती रमजानचा उपास सोडायला निघाली असताना सॉमरव्हिलच्या रस्त्यात तोंड झाकलेल्या साध्या वेशातल्या माणसांनी तिला घेरलं. व्हिसा चार दिवस आधीच रद्द झाला होता. तिला कुणी कळवलं नव्हतं. चोवीस तासांच्या आत ती लुइझियानात. ९ मे रोजी व्हर्माँटचे फेडरल न्यायाधीश विल्यम सेशन्स यांनी तिला सोडताना म्हटलं की तो लेख सोडून सरकारनं दुसरा कुठलाही पुरावा पुढं केलेला नाही. विद्यार्थ्यांच्या पेपरातला एक लेख, बदल्यात सहा आठवड्यांहून जास्त कोठडी.

अशा प्रकरणांवरच बॉस्टनचे न्यायाधीश विल्यम यंग यांनी ३० सप्टेंबर २०२५ ला १६१ पानी निकाल दिला. प्राध्यापकांच्या संघटनांनी दावा केला होता. कायदेशीरपणे राहणाऱ्या बिगरनागरिकांना नागरिकांइतकंच भाषणस्वातंत्र्य आहे का, या प्रश्नाला त्यांनी निःसंदिग्ध 'हो' म्हटलं. यंग हे रेगन यांनी नेमलेले, तेव्हा 'डावे न्यायाधीश' हा शिक्का इथं चालायचा नाही. निकाल आला तोवर ओझतुर्कची कोठडी भोगून झाली होती.

एक घरची गोष्ट. ओझतुर्कला पकडलं त्या मार्चअखेर या ब्लॉगवर पाहुणा लेख लिहिलेल्या एका मराठी मुलाचा मेल आला. तिकडे शिकतो. लेख होता स्थानिक निवडणुकीवर, अगदीच मिळमिळीत म्हणावा असा. 'मावशी, माझं नाव काढाल का? एकदा व्हिसा स्टँपिंग झालं की परत घाला.' मी नाव काढलं. स्टँपिंग झालं, पण परत घाला म्हणून त्याचा मेल काही आला नाही आणि मीही विचारलं नाही. त्याला घाबरट म्हणावं का? 'स्टॅनफर्ड डेली' या विद्यार्थी वृत्तपत्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये परराष्ट्रमंत्री रुबिओ यांच्यावर दावा लावला, तो याच कारणावरून: परदेशी विद्यार्थी बातमीदार विषय टाळू लागले, जुने लेख काढा म्हणू लागले. तुम्हीही नाव न देता लिहिलंत. हा टोमणा नाही. एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर) असताना मीही या ब्लॉगवर वर्षभर नाव लावत नव्हते. डोराव्हिलपासून जवळच, डिकेटरला राहायचे तेव्हा. पटेल प्लाझातून पोह्यांची पिशवी घेऊन आलं की रात्री लिहायला बसायचं. तेव्हाची भीती नवरोबाच्या कंपनीची होती, सरकारची नव्हती.

तुमचं आणखी एक वाक्य आहे, 'पत्रकार मुद्दाम मधे घुसतात'. घुसतात, काही वेळा. शिकागोत २०२५ च्या शरद ऋतूत आइस आणि सीमा पोलिसांच्या कारवाया चालल्या होत्या, तेव्हा तिथल्या पत्रकार संघटनांनी आणि निदर्शकांनी न्यायाधीश सारा एलिस यांच्यापुढं दावा केला. पत्रकारांवर अश्रुधूर आणि मिरपुडीच्या गोळ्या वापरल्याची तक्रार होती. सीमा पोलिसांचे ग्रेगरी बोव्हिनो यांनी आधी सांगितलं की आपल्याला दगड लागला, मग आपण गॅसचं नळकांडं फेकलं. व्हिडिओ पुढं आल्यावर गॅसच्या आधी दगड लागला नव्हता हे त्यांना कबूल करावं लागलं. एलिस यांनी बळाच्या वापरावर बंधनं घातली. लगेच दोन आठवड्यांत अपील न्यायालयानं तो आदेश फार व्यापक आहे म्हणून थांबवला. दोन्ही निकाल सांगते आहे, कारण माझ्या लेखात मी पहिलाच सांगितला होता. माझा मुद्दा एवढाच की तो व्हिडिओ नसता तर दगड हेच सत्य म्हणून उरलं असतं.

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं मेक्सिकोच्या आखाताला ट्रम्प यांनी दिलेलं नवं नाव वापरायला नकार दिला, म्हणून तिला ओव्हल ऑफिसबाहेर (राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाबाहेर) ठेवलं, त्यावर तुम्ही दोन परिच्छेद खर्च केलेत. तो वाद वेगळा आहे. कुणाला खोलीत घ्यायचं हे राष्ट्राध्यक्षांनी ठरवावं की नाही, यावर न्यायालयांतही मतभेद आहेत. मला त्यात फारसा रस नाही. खोलीबाहेर ठेवलेला बातमीदार रात्री आपल्या घरी झोपतो.

त्यापेक्षा ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी गृहसुरक्षा खात्यानं मांडलेला प्रस्ताव बघा. परदेशी पत्रकारांना 'आय' व्हिसावर काम आहे तोवर राहता येत असे. प्रस्ताव म्हणतो, एका वेळी २४० दिवस, चिनी पासपोर्ट असेल तर ९०. मग मुदतवाढ मागायची. म्हणजे ज्या सरकारबद्दल लिहायचं, त्याच्याच दारात दर आठ महिन्यांनी अर्ज घेऊन उभं राहायचं. आपल्या वृत्तपत्रांचे वॉशिंग्टनचे प्रतिनिधीही त्यात आले.

राहिलं पुण्यात बसून लिहिणं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकी लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. त्यावर तमिळ 'विकटन'च्या डिजिटल अंकानं एक व्यंगचित्र छापलं, ट्रम्प यांच्याशेजारी बेड्या घालून बसलेले पंतप्रधान. १५ फेब्रुवारीला 'विकटन'ची वेबसाइट उघडेना. एक चित्र आणि बंद सगळी वेबसाइट. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ती खुली करायला सांगितलं, अट ही की तूर्तास ते पान काढा. हद्दपारी तिकडची, टाळं इकडचं. म्हणून पुण्यातून लिहिते.

आणि रांगेच्या शेवटी एकदाचं तिकडचं नागरिकत्व मिळालं, तुम्ही ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) घेतलंत, की ४ मार्च २०२१ ची आपल्या गृहमंत्रालयाची अधिसूचना जरूर वाचा. ओसीआय कार्डधारकाला भारतात पत्रकारितेचं काम करायचं तर खास परवानगी लागते. गिर्यारोहणालाही लागते म्हणा.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, संपादितही केलेली नाही. १९९९ च्या निकालाबद्दल मी चुकत असेन, किंवा रांगेतल्या माणसाच्या नजरेतून हे सगळं कसं दिसतं हे सविस्तर सांगायचं असेल, तर हजार-दीड हजार शब्द लिहून पाठवा, स्वतंत्र लेख म्हणून लावते. त्यावर नाव कुठलं घालायचं तेवढं कळवा.