देवाला शाळेतून कोणी हाकललं नव्हतं

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर दर चार-सहा महिन्यांनी एक मजकूर फिरून येतो. या खेपेस तो मराठीत आला, खाली जोडलेले हात आणि मेणबत्ती. थोडक्यात असा: १९६२ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एका नास्तिक बाईच्या सांगण्यावरून देवाला शाळेतून हाकललं. प्रार्थना बंद झाली, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, बाहेर गेलं. तेव्हापासून गुन्हे वाढले, कोवळ्या पोरी आया व्हायला लागल्या, मुलांचा विश्वास उडाला. उरलंसुरलं काम इतिहासाच्या शिक्षकांनी केलं. गुलामगिरी आणि वर्णद्वेष शिकवून त्यांनी पोरांच्या मनात शंका पेरल्या.

मी नगरला शाळेत इतिहास शिकवत आले आणि रविवारी उपासनेनंतर मोठ्या मुलांचा वर्ग घेते. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात मीही उभी आहेच. तेव्हा बोलते.

आधी ती बाई. १९६२ चा खटला तिचा नव्हताच. तो न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या काही पालकांचा होता. त्यांत यहुदी होते, युनिटेरियन (ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या एका उदारमतवादी पंथाचे) होते, धर्म न मानणारेही होते. मॅडलिन मरे ही नास्तिक बाई बाल्टिमोरची. तिचा खटला १९६३ चा, आणि तोही पेनसिल्व्हेनियातल्या शेम्प कुटुंबाच्या खटल्याला जोडलेला. शेम्प मंडळी युनिटेरियन, म्हणजे चर्चला जाणारी. त्या राज्यात रोज सकाळी वर्गात शास्त्रातली दहा वचनं वाचायचा कायदा होता. १९५६ साली थोरला मुलगा एलरी त्या वेळी कुराण उघडून मनातल्या मनात वाचत बसला, आणि तिथून सगळं सुरू झालं. हा पोरगा मला फार आवडतो. माझ्या वर्गात असता तर मात्र जीव मेटाकुटीला आणला असता.

आता ‘प्रार्थना बंद झाली’. कुठली प्रार्थना? न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने स्वतः रचलेली, इंग्रजीत बावीस शब्दांची. कोणी दुखावू नये म्हणून इतकी घासूनपुसून केलेली की तिच्यात प्रभू येशूचं नावसुद्धा नाही. सरकारी अधिकाऱ्यांनी प्रार्थना रचून ती शाळेत म्हणवून घेऊ नये, एवढाच तो ६ विरुद्ध १ निकाल होता. आपण होऊन प्रार्थना करणाऱ्या मुलाला ना तेव्हा बंदी होती ना आज आहे. उलट १९८४ च्या कायद्यानुसार, सरकारी माध्यमिक शाळेत इतर ऐच्छिक मंडळं भरत असतील तर मुलांच्या बायबल मंडळालाही तीच मुभा द्यावी लागते. २०२२ साली तर सामन्यानंतर मैदानात गुडघे टेकणाऱ्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने त्याच कोर्टाने कौल दिला. १९६२ च्या निकालानंतर दोनच दिवसांनी पत्रकारांनी राष्ट्राध्यक्ष केनेडींना छेडलं, तेव्हा ते म्हणाले की यावर सोपा उपाय आहे, आपण स्वतः प्रार्थना करावी. खोलीत जाऊन दार लावून घे, हे प्रभूनेही सांगितलंच आहे की.

शास्त्रही बाहेर गेलं नाही. १९६३ च्या निकालात न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी स्पष्ट लिहिलं आहे की बायबलचा आणि धर्माचा अभ्यास तटस्थपणे, शिक्षणाचा भाग म्हणून करायला काहीच आडकाठी नाही. मनाई भक्ती म्हणून वाचून घ्यायला आहे, शिकवायला नाही.

‘त्याआधी सगळं छान होतं’ हे वाक्य मजकुरात उघड नाही, पण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. माझी वसईची कॅथलिक मैत्रीण माझ्यासोबत प्रभूची प्रार्थना म्हणते तेव्हा ‘राज्य, सामर्थ्य व गौरव’ या ओळीच्या आधी थांबते, आणि मी एकटीच पुढे जाते. आम्ही हसतो. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत असल्या फरकांवर कोणी हसत नव्हतं. सरकारी शाळांत प्रॉटेस्टंटांचं किंग जेम्स बायबल वाचलं जाई. कॅथलिक मुलांसाठी आपलं भाषांतर मागितलं तर बोंब उठे. १८४४ मध्ये फिलाडेल्फियात याच वादाने पेट घेतला. दोन कॅथलिक चर्च जळाली, वीसहून जास्त माणसं मेली. १८९० साली विस्कॉन्सिनच्या कोर्टाने तिथल्या शाळांतलं शास्त्रवाचन थांबवलं ते कॅथलिक पालकांच्या तक्रारीवरून. शाळेतली सरकारी भक्ती पहिल्यांदा नकोशी झाली ती ख्रिस्ती लोकांनाच.

गुन्ह्यांचं लवकर उरकते. अमेरिकेत १९६३ मध्ये दर लाखामागे साडेचारच्या आसपास खून होत. १९९१ पर्यंत ते ९.८ वर गेले, हे खरं. पण २०१४ मध्ये ते पुन्हा साडेचारच्याच आसपास आले, आणि मधल्या काळात शाळांत सरकारी प्रार्थना परतली नव्हती. कुमारवयीन मातांचं प्रमाण तर सर्वांत जास्त होतं १९५७ साली, हजार मुलींमागे ९६. आज ते १४ च्याही खाली आहे. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियात दहा वचनं रोज वाचली जात होती. शास्त्रवाचनाने प्रमाण वाढलं असं मी अर्थातच म्हणणार नाही. फॉरवर्ड करणाऱ्यांनीही तसलाच हिशेब उलटा मांडू नये.

विश्वास उडाला का? काही प्रमाणात उडाला. पण तारखा बघा. गॅलप या जनमत पाहणी करणाऱ्या संस्थेच्या आकड्यांत १९९९ सालीही ७० टक्के अमेरिकन कुठल्या ना कुठल्या मंडळीचे सभासद होते; २०२० मध्ये ४७. निकाल १९६२-६३ चे आणि मोठी घसरण जवळपास तीस-चाळीस वर्षांनी, इतक्या उशिरा लागू पडणारं हे कसलं औषध? मायकल हाउट आणि क्लॉड फिशर या समाजशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये एक कारण मांडलं: नव्वदच्या दशकात धर्म आणि एका बाजूचं राजकारण इतकं चिकटलं की ते राजकारण नको असलेल्यांनी धर्माचं लेबलही काढून टाकलं. मला ते पटतं, पण तेच एकमेव कारण असं नाही.

राहिला माझ्यावरचा आरोप.

१९६३ च्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मार्टिन ल्यूथर किंग यांना अलाबामात बर्मिंगहॅमला अटक झाली. तुरुंगातून त्यांनी पत्र लिहिलं ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना, ज्यांचं म्हणणं होतं की जरा सबुरीने घ्या. त्यातले सात ख्रिस्ती होते. जूनमध्ये अलाबामाचे राज्यपाल वॉलेस काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभे राहिले. सहाच दिवसांनी शास्त्रवाचनाचा निकाल आला. सप्टेंबरात, रविवारी सकाळी, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या माणसांनी सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये बॉम्ब उडवला. चार मुली गेल्या. शब्बाथ शाळेचा त्या दिवसाचा पाठ क्षमा करणाऱ्या प्रीतीवर होता. शाळेतल्या प्रार्थनेसाठी गळा काढणाऱ्यांत हेच वॉलेस होते, आणि स्वतः पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, असलेल्या किंग यांनी १९६२ चा निकाल बरोबर आहे असं म्हटलं: इतक्या तऱ्हांच्या लोकांच्या देशात कुठली प्रार्थना म्हणायची हे ठरवणार कोण?

हा पाठ घेतला तेव्हा नववीतल्या एका मुलाने विचारलं, “बाई, बॉम्ब लावणारेही स्वतःला ख्रिस्तीच म्हणवायचे का?” मी हो म्हटलं. वर्ग गप्प. मग मी १९६२ चा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ त्याच बर्मिंगहॅमचे, बॅप्टिस्ट, वर्षानुवर्षं शब्बाथ शाळेचे शिक्षक. आणि १९२३ ते १९२५ क्लॅनचे सभासद! पुढे १९५४ मध्ये शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या एकमुखी निकालातही न्यायमूर्ती म्हणून तेच. यातलं काय गाळून सांगू?

आणि घरचंही सांगितलं. १८१३ मध्ये मुंबईला आणि १८३१ मध्ये नगरला मिशनरी पाठवणारं अमेरिकन बोर्ड, ज्याच्या कामातून आमची मंडळी उभी राहिली, ते गुलामगिरीवर ठाम बोलेना, म्हणून काही ख्रिस्ती चिडून बाहेर पडले आणि १८४६ मध्ये त्यांनी वेगळी संस्था काढली. हे मुलांना माझ्याकडून कळलेलं बरं की विसाव्या वर्षी कुठल्याशा व्हिडिओतून, ‘तुमच्यापासून हे लपवलं’ अशा मथळ्याखाली? माझ्या ओळखीतली जी दोन-तीन मुलं मंडळीपासून तुटली, ती इतिहासाने नाही तुटली. प्रश्न विचारल्यावर ‘प्रार्थनेत कमी पडतोस’ हे उत्तर मिळालं म्हणून तुटली. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तर प्रभूने हात पुढे करून जखमा दाखवल्या होत्या.

फॉरवर्ड पाठवणाऱ्या आमच्या काकांना एवढंच आठवण करून देते. १९८५ मध्ये केरळात यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत गात नाहीत म्हणून शाळेतून काढलं. उभी राहत होती, गात नव्हती एवढंच. १९८६ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं, आणि त्या निकालात अमेरिकेतल्या अशाच खटल्यांचा आधार आहे. काका, सरकारने प्रार्थना रचून शाळेत म्हणवून घ्यायची ठरवली, तर आपल्याकडे ती तुमची असेल असं तुम्हाला खरंच वाटतं?

त्या नववीतल्या मुलाचा पुढचा प्रश्न अजून बाकी आहे: देवाने बॉम्ब का थांबवला नाही? मी त्याला सांगितलंय की मला माहीत नाही. पुढच्या रविवारी आम्ही ईयोब, निर्दोष माणसाच्या दुःखावरचं बायबलमधलं पुस्तक, वाचायला घेतोय.