कार्बनची चासी बसवली की जुनी आरसी गाडी सुधारते, हे खरं नाही

जुन्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्या पुन्हा उभ्या करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो: मूळ चासी (सगळे भाग जिच्यावर बसतात तो तळ) काढा आणि त्याच मापाची कार्बन फायबरची बसवा. ती जास्त मजबूत, गाडी खूप हलकी, शिवाय आयुष्यभर बघायला नको. या सल्ल्यापायी धडधाकट मूळ चासी अडगळीत जातात, म्हणून त्यातला प्रत्येक दावा तपासायला हवा.

पहिला दावा मजबुतीचा. कार्बन ताठ असतो, हे मान्यच. अनेक मूळ चासी फायबरग्लासच्या असतात; त्यातल्या काचतंतूचा ताठरपणा ७२ गिगापास्कलच्या आसपास, तर नेहमीच्या कार्बन तंतूचा २३० च्या आसपास. पण तुटण्याआधी काचतंतू सुमारे साडेचार टक्के ताणला जातो आणि कार्बन जेमतेम दीड-पावणेदोन टक्के. उडी मारून नाकावर आपटणाऱ्या ऑफ-रोड गाडीला हा दुसरा आकडा वाचवतो. फायबरग्लासची पट्टी वाकते आणि परत सरळ होते. कार्बनची फारशी वाकत नाही. ती धक्का पुढे सस्पेन्शनच्या आर्मवर आणि गिअरबॉक्सवर ढकलते. हे भाग पस्तीस-चाळीस वर्षांच्या प्लास्टिकचे असतात आणि मूळ सुटे भाग सहज मिळत नाहीत.

गाडी आखणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक होतं. टामिया या जपानी कंपनीच्या १९७९ च्या सँड स्कॉर्चरला फायबरग्लासची पट्टी होती. १९८४ च्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेटला एबीएस प्लास्टिकचा टब, म्हणजे उभ्या कडांची खोलगट चासी होती. त्याच वर्षीच्या, असोसिएटेड या अमेरिकी कंपनीच्या आरसी१० ला सोनेरी अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमचा टब होता, आणि पुढच्याच वर्षी त्या गाडीने जागतिक स्पर्धा जिंकली. टामियाची अव्हान्ते १९८८ ची. तिची चासी फायबरग्लासची, आणि वर्षभरात आलेल्या एग्रेसची कार्बनची. म्हणजे कार्बन उपलब्ध होता, पण तो कुठे वापरायचा हे गाडी बघून ठरत होतं. टामियाच्याच नव्वदच्या दशकातल्या, फॉर्म्युला वन धाटणीच्या एफ१०३ मध्ये मागच्या भागाला जोडणारी टी-आकाराची पट्टी फायबरग्लासची असते. तिचं वाकणं आणि पिळणं हेच मागचं सस्पेन्शन. तिथे तेवढ्याच जाडीचा कार्बन बसवला तर खडबडीत ट्रॅकवर मागची पकड सुटते.

वजनाचं गणित तर घरीच करता येतं. ३५० बाय ८० मिलिमीटरची, अडीच मिलिमीटर जाडीची पट्टी धरा: ७० घन सेंटिमीटर. फायबरग्लासची घनता घन सेंटिमीटरला साधारण १.८५ ग्रॅम, कार्बनच्या पत्र्याची १.६. म्हणजे एक पट्टी सुमारे १३० ग्रॅमची, दुसरी ११२ ची. बचत १८ ग्रॅम. या गाड्यांत नेहमी असणाऱ्या एकट्या ५४० मोटरचंच वजन १६० ग्रॅमच्या आसपास असतं. आणि एबीएसची घनता १.०५ आहे, त्यामुळे टब काढून कार्बनची पट्टी लावली तर गाडी हलकी होईलच असं नाही.

‘कधी खराब होत नाही’ हा दावा सगळ्यात घातक. कापलेल्या कडेवर आणि स्क्रूच्या भोकांपाशी कार्बनचे थर सुटू लागतात. म्हणून कडा आधी बारीक सँडपेपरने घासून पातळ सुपरग्लूने बंद कराव्या लागतात. (घासताना पाणी वापरा आणि मास्क लावा, ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नका.) त्याहून महत्त्वाचं म्हणजे कार्बनमधून वीज वाहते. बॅटरीच्या वायरचं आवरण कडेवर घासून गेलं तर शॉर्ट सर्किट होऊ शकतं. २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या रिसीव्हरची अँटेना पत्र्याला चिकटवून नेली तर रेंज घटते. दमट हवेत कार्बनला टेकलेले अ‍ॅल्युमिनियमचे स्क्रू आणि पोस्ट (आधाराचे छोटे खांब) गंजतात. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून शॉर्ट सर्किट, रेंज आणि गंजाच्या या अडचणी त्याला नाहीत.

एग्रेससारख्या, मुळात कार्बनच असलेल्या गाडीला अर्थातच कार्बन हवा. सपाट कार्पेटवर शर्यत लावायची असेल तरी त्याला अर्थ आहे.

बाकी एबीएसच्या टबला तडा गेला असेल तर तो फेकू नका. तड्याच्या टोकाला दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकणार नाही. मग एबीएसचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेला लगदा आतून भरा आणि दोन दिवस वाळू द्या. नायलॉनचे आर्म उकळत्या पाण्यात टाकून लवचिक करतात, तो उपाय मात्र एबीएसवर करू नका. ते शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडतं आणि टब वाकडा होतो.