लीजच्या गाडीचा डेंट गल्लीत काढला तर काय बिघडलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळीत उत्तर देता येणार नाही म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मूळ लेखात मी एवढंच सांगितलं होतं की पुण्याजवळ वाकडला सिग्नलला उभी असताना माझ्या लीजच्या, म्हणजे लीज कंपनीकडून करारावर हप्त्याने वापरायला घेतलेल्या गाडीला मागून टेम्पो लागला, मी आधी लीज कंपनीला मेल केला, मग इन्शुरन्सचा क्लेम टाकला आणि गाडी 17 दिवस वर्कशॉपमध्ये होती. त्यावर तुमचं म्हणणं असं की गाडी कंपनीची, आपण नुसते हप्ते भरणारे, एवढ्याशा डेंटसाठी 17 दिवस रिक्षाने कशाला फिरायचं, तुम्ही ओळखीच्या गॅरेजात साडेसहा हजारात दार करून घेतलंत आणि कुणाला कळलंही नाही, शिवाय क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो तो वेगळाच, आणि माझ्यासारखे लोक उगाच सगळ्यांना घाबरवतात.

घाबरवायचं नाहीये हो. पण "कुणाला कळलंही नाही" इथे मी थांबले, कारण 2017 ला माझ्या पहिल्या लीजच्या गाडीचं मी अगदी हेच केलं होतं. पार्किंगच्या खांबाला मागचं उजवं दार घासलं, ओळखीच्या माणसाकडे नेली, त्याने पत्रा ठोकून, पुट्टी मारून, रंग देऊन दोन दिवसात पाच हजारात दिली. काम खरंच सुंदर होतं, मलाच नंतर शोधावं लागायचं कुठे लागलं होतं ते. चार वर्षांनी लीज संपली, गाडी परत घ्यायला तपासणीवाला मुलगा आला, त्याच्या हातात मोबाईलएवढं रंगाची जाडी मोजायचं मशीन. बॉनेटला टेकवलं, 110. छताला 115. डाव्या दाराला 120. उजव्या मागच्या दाराला 640. फॅक्टरीतून आलेला रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉन असतो, त्याच्या चार-पाच पट आकडा आला म्हणजे खाली पुट्टी आहे, हे त्याला दाराकडे न बघताही कळतं. तो काही बोलला नाही, आकडा फॉर्मवर लिहिला आणि विचारलं, "मॅडम, याचं बिल आहे?" बिल नव्हतं, मेल नव्हता, फोटो नव्हता. माझ्या पगारातून दोन महिन्यात 31 हजार कापले गेले, आणि भांडायला माझ्याकडे एकही कागद नव्हता.

म्हणून यावेळी पहिला फोन टाळून पहिला मेल. टेम्पोच्या नंबर प्लेटसकट फोटो, वेळ, जागा, सगळं त्यात. टेम्पोवाला दोन हजार काढून देत होता, घेतले नाहीत, कारण पैसे घेऊन मिटवलं की नंतर आतून काही निघालं तर कुणाकडे जायचं?

आणि आतून निघालंच. बाहेरून बघाल तर बंपरला फक्त एक चीर आणि थोडा दबलेला कोपरा. वर्कशॉपमध्ये बंपर उतरवला तेव्हा मी तिथेच उभी होते. आतली लोखंडी पट्टी मधोमध आत गेलेली आणि डिकीच्या तळाच्या पत्र्याला सुरकुती पडलेली, स्टेपनी काढल्यावर सरळ बोट फिरवून कळत होती. इन्शुरन्सच्या सर्व्हेयरने, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाने, बंपर काढलेल्या अवस्थेत फोटो घेतले, एस्टिमेट 14 हजारांवरून 43 हजारांवर गेलं, आणि ती पट्टी ऑर्डर करून यायलाच नऊ दिवस लागले. माझे 17 दिवस असे गेले. बाहेरून बंपर चिकटवून रंगवून दिला असता तर पुढच्या धडकेला मागच्या सीटवर बसलेल्या माझ्या लेकीच्या मागे ती वाकलेली पट्टी असती. एवढ्यासाठी 17 दिवस रिक्षा मला चालते.

आता "गाडी कंपनीची, आपल्याला काय" बद्दल. दादा, हे मनातून काढूनच टाका. मोटार वाहन कायदा 1988, कलम 2 मधलं 30 नंबरचं पोटकलम बघा, मालक म्हणजे कोण ते तिथे दिलंय, आणि लीजच्या कराराखाली असलेल्या गाडीच्या बाबतीत कराराप्रमाणे गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो मालक असं लिहिलंय. आरसीवर नाव कुणाचंही असो, उद्या कुणाला लागलं तर प्रश्न आपल्यालाही विचारले जाणार. माणसाला लागलं असेल तर त्याला दवाखान्यात न्यायचं, पोलिसांना कळवायचं आणि इन्शुरन्सवाल्यांनाही कळवायचं, ही चालवणाऱ्याचीच जबाबदारी, कलम 134.

नो क्लेम बोनसचं तुमचं अर्धं बरोबर आहे. पहिल्या वर्षाला 20 टक्के, वाढत वाढत 50 पर्यंत, आणि एक क्लेम केला की पुढच्या रिन्यूअलला शून्य, हे खरंच. पण बोनस गाडीचा नसतो, पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचा असतो. माझी पॉलिसी लीज कंपनीच्या नावावर आहे आणि प्रीमियम ठरलेल्या हप्त्यातच धरलाय, म्हणजे तो बोनस मी वाचवला तरी माझ्या पुढच्या गाडीला लागणार नाही. तुमच्या करारात रिन्यूअलचा प्रीमियम होईल तसा तुमच्याकडून घेत असतील तर मात्र गणित बदलतं, तेवढं पान काढून वाचा.

आणि छोट्या खरचट्याला मीही क्लेम करणार नाही, इथे तुमच्याशी पूर्ण सहमत. 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला एक हजार तर आपल्याला भरायचेच असतात, त्यावरच्या गाडीला दोन हजार. झिरो डेप, म्हणजे पार्टच्या जुनेपणाचे पैसे न कापणारं जादा कव्हर, नसेल तर बंपरसारख्या प्लास्टिकच्या पार्टचे निम्मे पैसे आपलेच. झिरो डेप असेल तरी माझ्या पॉलिसीत वर्षाला असे दोनच क्लेम आहेत. तीन-चार हजाराच्या कामाला तो घालवण्यात अर्थ नाही. तेव्हा मी लीज कंपनीला लिहीन की एवढं लागलंय, अधिकृत वर्कशॉपला माझ्या खर्चाने करून घेते, चालेल का, आणि त्यांचं "हो" आलं की मगच गाडी नेईन. मेल लिहायला पाच मिनिटं लागतात.

मोठा अपघात झाला तर गोष्टच वेगळी. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेली असं धरतात, पैसे लीज कंपनीला जातात आणि शिल्लक हप्ते त्याहून जास्त निघाले तर तो फरक कुणी भरायचा हे करारात लिहिलेलं असतं. माझ्यात मी भरायचा असं आहे, म्हणून रिटर्न टू इनव्हॉइस, म्हणजे अशा वेळी गाडीच्या मूळ बिलाएवढे पैसे देणारं जादा कव्हर, घेतलंय.

तुमची लीज संपायला पाच महिने आहेत असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे वेळ आहे. त्या गॅरेजवाल्याकडून पक्कं बिल मागून घ्या, काम सुरू करायच्या आधीचे फोटो त्याच्या व्हॉट्सॲपवर असतील, बहुतेक गॅरेजवाले गाडी घेताना काढतातच. मग अधिकृत वर्कशॉपला दार उघडून आतून बघायला सांगा, पॉवर विंडो आणि दाराचं रबर नीट बसलंय ना ते लेखी घ्या, आणि बिल, फोटो, तो रिपोर्ट असं सगळं एकाच मेलमध्ये लीज कंपनीला पाठवा. काही रक्कम मागतील कदाचित, पण आत्ता मागतील ती शेवटच्या दिवशी फॉर्मवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा बोलून कमी करता येते. काय उत्तर आलं ते इथे नक्की कळवा, मी वाट बघतेय.