चष्म्याचं बिल आणि गट नंबर

निवडणूक आली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी "आमदारांची संपत्ती इतके टक्के वाढली" अशी बातमी टाकतंच, आणि मामा लगेच मला टॅग करतात, बघ, तुमच्या इंग्लंडात चालेल का असलं?

मामा, इंग्लंडात ही बातमीच होणार नाही, कारण इथल्या खासदाराला एकूण संपत्ती सांगावीच लागत नाही. बाहेरची कमाई, भाड्याने दिलेलं घर, ७० हजार पाउंडांवरचे शेअर्स, ३०० पाउंडांवरच्या भेटी असलं लिहायचं, राहतं घर नाही आणि बायकोचं सोनं तर नाहीच नाही. आपल्याकडे २००२-०३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालांपासून उमेदवार बायकोच्या दागिन्यांसकट सगळं प्रतिज्ञापत्रात भरतो.

फरक पुढे आहे. इथे २८ दिवसांत नोंद करावी लागते, म्हणून तर २०२४ मध्ये पंतप्रधान झालेल्या स्टार्मरना देणगीदाराने दिलेल्या २,४८५ पाउंडांच्या चष्म्यांवरून एवढा गदारोळ झाला. आपल्याकडे निवडणुकीच्या निवडणुकीला एकदा, तेही स्कॅन केलेली तिरकी पीडीएफ, नोटरीच्या शिक्क्याखाली नेमका आकडा दबलेला. एडीआर या संस्थेतले लोक ते उपसून त्यांच्या मायनेता वेबसाइटवर टाकतात म्हणून निदान दिसतं तरी.

आणि त्या टक्क्यांचं म्हणाल तर एका रविवारी आमच्या तालुक्याच्या आमदारांची मागच्या दोन निवडणुकांची प्रतिज्ञापत्रं घेऊन एक्सेल उघडून बसलो. वाढ भरमसाट, पण बरीचशी एकाच जमिनीची, गट नंबर तोच, गुंठाभरही वाढ नाही, फक्त शेजारून हायवे गेला आणि "अंदाजे बाजारभाव" उमेदवाराने स्वतःच वाढवून लिहिला. यात घोटाळा काय, त्या रस्त्यावरचा प्रत्येक शेतकरी तसाच श्रीमंत झालाय!

पण खाली बायकोच्या नावावर एक प्लॉट आहे, मधल्या काळात घेतलेला, तारीख आणि खरेदीची किंमत दोन्ही दिलेली. नवरा-बायकोचं पाच वर्षांचं आयकर रिटर्नमधलं उत्पन्नही त्याच कागदात असतं, ते बेरीज करून पाहिलं तर न खाता-पिता साठवलं तरी प्लॉट येत नाही आणि कर्जाचा रकाना निरंक. कोणी पैसे बक्षीस दिले असतील, शेतीचे पैसे असतील (ते करमुक्त, त्यामुळे म्हणायला जागा आहेच), पण विचारायचं हे, टक्के नाही.

मामांना प्लॉटचा नंबर पाठवला, म्हटलं इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, काढून बघा जरा. दोन दिवसांनी उत्तर आलं, "अरे, पण तो आपला माणूस आहे."