पहाटे ताकद सर्वाधिक असते, या समजाचा प्रतिवाद

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कोल्हापुरातील मुलामुलींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश सतत फिरतो आहे. पहाटे चार ते सहा या वेळेत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उच्चांकावर असते आणि हवेत प्राणवायू अधिक असतो, त्यामुळे तेव्हा शरीराची ताकद सर्वाधिक असते. म्हणूनच पैलवान पहाटे आखाड्यात उतरतात. संध्याकाळची मेहनत वाया जाते आणि झोपही बिघडवते, असा त्याचा आशय आहे. यावर विसंबून कोणी शंभर मीटर धावण्याचा किंवा गोळाफेकीचा संध्याकाळचा सराव सोडू नये, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

मूळ दावाच वस्तुस्थितीच्या उलट आहे. उंच उडी मारणे, हाताची पकड आवळणे, सायकलवर तीस सेकंद संपूर्ण जोर लावणे अशा अल्पकाळाच्या तीव्र श्रमांची मोजमापे अनेक देशांत झाली असून, त्यांत कामगिरी साधारणपणे दुपारी चार ते रात्री आठ या वेळेत सर्वोत्तम आणि सकाळी तुलनेने कमी आढळते. हा फरक चाचणीनुसार काही टक्क्यांपासून वीस टक्क्यांच्या आसपासपर्यंत जातो. शरीराचे आतील तापमान पहाटे सर्वांत कमी असते आणि संध्याकाळपर्यंत अर्धा ते एक अंशाने चढते. उबदार स्नायू अधिक वेगाने आकुंचन पावतात आणि मज्जातंतूंतील संदेशही जलद पोहोचतात, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. २००४ ते २०१६ या काळातील चार ऑलिंपिकमधील जलतरणपटूंच्या वेळा तपासल्या असता, त्याही संध्याकाळी पाचच्या सुमारास सर्वोत्तम ठरल्या. तो फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी होता. परंतु अनेक अंतिम शर्यतींत सुवर्ण आणि रौप्य यांमधील अंतर त्याहूनही लहान होते.

टेस्टोस्टेरॉनविषयीचे विधान अर्धे खरे आहे. तरुण पुरुषांत ते सकाळी अधिक असते. मात्र त्या क्षणी स्नायू किती जोर लावतील हे त्यावर ठरत नाही, अन्यथा वरील मोजमापे उलटी आली असती. प्राणवायूचे प्रमाण तर दिवसभर सुमारे एकवीस टक्केच राहते. शिवाय शंभर मीटरच्या धावेत ऊर्जा मुख्यतः स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन (झटपट ऊर्जा देणारे साठवलेले रसायन) आणि प्राणवायूविना होणारे साखरेचे विघटन यांतून मिळते.

तालमींचा दाखला अधिक विचारपूर्वक घ्यायला हवा, कारण ती आपल्या शहराची खरी कमाई आहे. पहाटेचा जोर, म्हणजे आखाड्यातील कुस्तीचा सराव, ही दिवसातील एकमेव मेहनत नसते. संध्याकाळीही पैलवान घाम गाळतात, आणि मधला वेळ खुराक व विश्रांतीला मिळतो. पहाटे उठण्यामागे उन्हाची, शिस्तीची आणि दिनक्रमाची सोय आहे. ताकदीचा खरा कस लागतो तो मैदानात, आणि यात्रा-जत्रांतील मैदाने दुपारनंतर भरतात. पहिल्या क्रमांकाची कुस्ती तर दिवस कलल्यावरच लागते.

संध्याकाळचा सराव वाया जातो, याला आधार नाही. शरीर दोन्ही वेळांच्या सरावाने घडते. झोपेचे म्हणाल, तर तीव्र व्यायाम झोपण्याच्या तासभर आधीपर्यंत लांबला तर अडचण संभवते. उलट रात्री उशिरा झोपून चारला उठण्याने झोप तुटते आणि त्याची किंमत कामगिरीत मोजावी लागते.

तरीही भरतीच्या उमेदवारांनी सकाळचा सराव करावाच, पण त्याचे कारण वेगळे आहे. मैदानी चाचणी बहुधा सकाळीच सुरू होते, आणि जे नियमितपणे सकाळी सराव करतात त्यांच्यात सकाळ-संध्याकाळचा फरक बराच कमी होतो, असे प्रशिक्षणाच्या अभ्यासांत दिसले आहे. म्हणून चाचणीआधीचे काही आठवडे त्याच वेळी धावावे आणि डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात अंग तापवण्याला नेहमीपेक्षा अधिक वेळ द्यावा. प्रशिक्षकांनीही संध्याकाळी नोंदवलेली वेळ सकाळच्या वेळेशी ताडून मुलांची प्रगती किंवा घसरण ठरवू नये; तुलना एकाच प्रहरातील नोंदींची व्हावी.